ग्रंथनोंदींचा दूरशोध व पुनःप्राप्ती

एका ठिकाणी बसून दूरच्या ग्रंथालयाच्या तालिकेत संगणकाद्वारे शोध घेणे आणि तेथील नोंदी ठरीव स्वरूपात परत मिळविणे, या व्यवहारास ग्रंथनोंदींचा दूरशोध व पुनःप्राप्ती असे म्हणतात. येथे ‘नोंद’ म्हणजे प्रत्यक्ष ग्रंथ नव्हे. ग्रंथाचा कर्ता, शीर्षक, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष, विषय आणि ग्रंथालयातील स्थान यांची पद्धतशीर माहिती होय. निरनिराळ्या ग्रंथालयांतील संगणक व त्यांवरील प्रणाली वेगवेगळ्या असतात. तेव्हा प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर कोणत्या रूपात द्यावे, याविषयी उभयपक्षी मान्य असे नियम असावे लागतात. या नियमांच्या संचास संदेशनियम किंवा प्रोटोकॉल म्हणतात. झेड ३९.५० आणि त्यातून विकसित झालेला एसआरयू हे या क्षेत्रातील दोन प्रमुख संदेशनियम होत.

विखुरलेल्या संग्रहाचे उदाहरण : या व्यवहाराची गरज कोठे भासते, हे वर्धा जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. विसाव्या शतकात या जिल्ह्यात विपुल साहित्य निर्माण झाले. विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्यास आले व १९८२ मध्ये पवनार येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची गीताई १९३०-३१ मध्ये वर्ध्यास रचली गेली व १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ (१९३४), राष्ट्रभाषा प्रचार समिती (१९३६) आणि हिंदुस्थानी तालिमी संघ (१९३८) या संस्थांनी पुस्तके, पत्रिका, अहवाल व पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली. महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास गेले आणि तेथून त्यांचा मोठा पत्रव्यवहार व लेखन झाले. या साहित्याची भाषा एक नाही. त्यात गुजराती, हिंदी, मराठी व इंग्रजी या चारही भाषा आहेत.

हे साहित्य एका ठिकाणीही नाही. १९३३ मध्ये साबरमतीचा आश्रम विसर्जित करताना तेथील ग्रंथसंग्रह अहमदाबादच्या नगरपालिकेकडे सोपविण्यात आला. त्यामुळे गांधीजी वर्ध्याकडे आले, तरी त्यांची पूर्वीची पुस्तके गुजरातेतच राहिली. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि नंतर त्यावेळच्या मध्य प्रदेशात होता. मुद्रणालये व ग्रंथनोंदणी यांसंबंधीच्या १८६७ च्या अधिनियमानुसार प्रत्येक प्रांताचे सरकार आपल्या हद्दीत छापल्या गेलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध करीत असे. साहजिकच वर्ध्यास छापलेल्या मराठी पुस्तकाची सरकारी नोंद मध्य प्रांताच्या यादीत होई, तर पुण्यास छापलेल्या पुस्तकाची मुंबई इलाख्याच्या यादीत. १९५४ च्या अधिनियमाने प्रकाशकांवर कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील चार ग्रंथालयांकडे पुस्तके पाठविण्याचे बंधन आले. अशा रीतीने एकाच जिल्ह्यातील साहित्याच्या नोंदी सेवाग्राम, पवनार, वर्धा, नागपूर, अहमदाबाद, मुंबई, दिल्ली व कोलकाता येथे विखुरल्या. एखाद्या अभ्यासकाला त्या पाहावयाच्या झाल्यास पूर्वी त्याला प्रवास किंवा पत्रव्यवहार यांखेरीज मार्ग नव्हता.

पूर्वपीठिका : ग्रंथालयाची सर्वांत जुनी नोंद म्हणजे दाखल नोंदवही. तीत पुस्तके आल्याच्या क्रमाने लिहिली जातात. त्यामुळे ती हिशेबाला उपयोगी पडते, पण शोधाला अपुरी असते. शोधासाठी कर्ता, शीर्षक वा विषय यांनुसार लावलेली तालिका लागते. प्रारंभी ही तालिका ग्रंथरूपाने छापीत. नव्या पुस्तकांची भर घालणे ग्रंथरूप तालिकेत अवघड जाई, म्हणून सुट्या पत्रांची पद्धत आली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात जप्त ग्रंथसंग्रहांची मोजदाद करण्यासाठी १७९१ मध्ये खेळण्याच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठीवर नोंदी लिहिण्यात आल्या. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने १९०१ पासून छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकण्यास सुरुवात केली. एकाने केलेली नोंद इतरांनी वापरावी, हे तत्त्व येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आले.

भारतात शियाळी रामामृत रंगनाथन् यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाच्या वेळाच्या बचतीविषयी आहे. तालिकालेखनाचे त्यांचे नियम १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीपुरते पाहता शंकर गणेश दाते यांनी संकलित केलेली मराठी ग्रंथसूची हे या क्षेत्रातील पायाभूत कार्य होय. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे कालखंड व्यापणाऱ्या तिच्या दोन भागांत प्रांतांच्या सीमा ओलांडून मराठी ग्रंथांची वर्गीकृत नोंद झाली. तथापि छापील सूचीतून एखादा ग्रंथ अस्तित्वात आहे एवढे कळते. आज तो कोठे, कोणत्या आवृत्तीत उपलब्ध आहे, हे कळत नाही. संगणकीय दूरशोधाने भरून काढलेली उणीव ती हीच.

यंत्रवाच्य नोंद : दूरशोधाची पहिली अट अशी, की नोंद यंत्राला वाचता आली पाहिजे. छापील पत्रावर कर्ता कोठे संपतो व शीर्षक कोठे सुरू होते, हे माणसाच्या नजरेला कळते. यंत्राला ते सांगावे लागते. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरॅम यांच्या मार्गदर्शनाखाली १९६६ ते १९६८ या काळात यासंबंधीचा प्रायोगिक प्रकल्प पार पडला. त्यातून ‘मार्क’ हा यंत्रवाच्य नोंदींचा आकृतिबंध सिद्ध झाला आणि १९६९ पासून नोंदींच्या चुंबकीय फिती ग्रंथालयांना नियमितपणे मिळू लागल्या. मार्कमध्ये नोंदीच्या प्रत्येक घटकाला तीन अंकी खूणक्रमांक असतो. उदा., व्यक्तिकर्त्याला १००, शीर्षकाला २४५. फितीवर नोंद कशी मांडावी याचे आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ २७०९) १९७३ मध्ये ठरले. निरनिराळ्या देशांनी मार्कच्या आपापल्या आवृत्त्या काढल्या. अमेरिका व कॅनडा यांच्या आवृत्त्यांचा मेळ घालून १९९९ मध्ये मार्क २१ हे रूप तयार झाले. अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ओसीएलसी या संस्थेने १९७१ पासून दूरध्वनितारांनी जोडलेली सामाईक तालिका चालू केली.

झेड ३९.५० : सामाईक तालिकेत सर्वांना एकाच मध्यवर्ती यंत्रणेशी जोडून घ्यावे लागते. स्वतंत्र यंत्रणांनी परस्परांना प्रश्न विचारण्याचा मार्ग मात्र १९८० नंतरच्या दशकात शोधला गेला. अमेरिकेतील मोठ्या ग्रंथालय यंत्रणा जोडण्याच्या प्रकल्पातील अनुभवावरून १९८८ मध्ये झेड ३९.५० हे राष्ट्रीय मानक संमत झाले. हे नाव गूढ वाटले, तरी त्याचा अर्थ साधा आहे : झेड ३९ या मानक समितीचे ते पन्नासावे मानक होय. त्याच्या सुधारित आवृत्त्या १९९२, १९९५ व २००३ मध्ये निघाल्या. १९९८ मध्ये त्याला आयएसओ २३९५० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्याची देखभाल लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे.

या नियमानुसार होणारा संवाद टप्प्याटप्प्याने चालतो. प्रथम प्रश्नकर्ती प्रणाली दुसऱ्या प्रणालीशी बैठक जुळविते. नंतर ती शोधाची विनंती पाठविते. उत्तर देणारी प्रणाली जुळणाऱ्या नोंदींचा संच आपल्याकडेच तयार ठेवून फक्त संख्या कळविते. त्यानंतर ‘पहिल्या दहा नोंदी दाखवा’ अशी मागणी आली, म्हणजे तेवढ्याच नोंदी पाठविल्या जातात. मोठ्या ग्रंथालयात एखाद्या शब्दाला हजारो नोंदी जुळू शकतात. त्या सर्व एकदम पाठविण्याचा भार या योजनेमुळे टळतो. शोधाचे अंग कोणते, हे सांगण्यासाठी क्रमांक ठरलेले आहेत. उदा., शीर्षकासाठी ४, कर्त्यासाठी १००३, आंतरराष्ट्रीय मानक ग्रंथक्रमांकासाठी ७. समोरच्या ग्रंथालयाने शीर्षकाचा रकाना आपल्या प्रणालीत कोणत्याही नावाने ठेवला, तरी ४ या अंकाचा अर्थ त्याला ठाऊक असतो. भिन्न प्रणालींना जोडणारा दुवा हाच होय.

झेड ३९.५० चा प्रसार विशेषेकरून तालिकालेखनात झाला. नवे पुस्तक आल्यावर ग्रंथपाल दुसऱ्या ग्रंथालयात त्याची नोंद आहे काय हे पाहतो आणि असल्यास ती उतरवून घेऊन आपला दाखल क्रमांक व वर्गांक तिला जोडतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या छापील पत्रांमागील तत्त्वच येथे नव्या साधनाने पुढे चालले. मात्र या नियमाच्या काही अडचणीही होत्या. त्याचे संदेश द्विमान सांकेतिक रूपात असल्याने ते माणसाला वाचता येत नाहीत. बैठक चालू असेपर्यंत दोन्ही यंत्रांना परस्परांचे स्मरण ठेवावे लागते. तो महाजालाच्या प्रसारापूर्वी आखलेला असल्याने महाजालाच्या नेहमीच्या मार्गाने जात नाही. त्याला २१० हा स्वतंत्र द्वारक्रमांक लागतो, आणि अनेक संस्थांच्या सुरक्षायंत्रणा असे द्वार बंद ठेवतात.

महाजाल सेवा व एसआरयू : महाजालाचा प्रसार झाल्यावर झेड ३९.५० मधील अनुभव टिकवून त्याची रचना सोपी करण्याचा प्रयत्न त्याच्याच जाणकारांनी केला. त्यातून २००२ मध्ये एसआरडब्ल्यू व एसआरयू हे जोडनियम पुढे आले. एसआरडब्ल्यूमध्ये प्रश्न व उत्तर दोन्ही सोप या संदेशवेष्टनात घालून पाठवितात. एसआरयूमध्ये संपूर्ण प्रश्न महाजालाच्या पत्त्यातच लिहिला जातो. दुसरा प्रकार अधिक सुटसुटीत असल्याने तोच रूढ झाला. त्याची १.१ ही आवृत्ती २००४ मध्ये व १.२ ही आवृत्ती २००७ मध्ये निघाली; २०१३ मध्ये ओएसिस या मानकसंस्थेने तो आपल्या मानकांत समाविष्ट केला.

एसआरयूच्या पत्त्यात प्रथम ग्रंथालयाच्या संगणकाचे नाव व त्यापुढे क्रिया, नियमाची आवृत्ती, शोधप्रश्न, किती नोंदी हव्यात, कितव्या नोंदीपासून हव्यात आणि कोणत्या आकृतिबंधात हव्यात, हे घटक येतात. उत्तर एक्सएमएल या खूणभाषेत मिळते; ते यंत्राला सोडविता येते व माणसालाही वाचता येते. यातील क्रिया तीन आहेत : नोंदी शोधून आणणे, अनुक्रमणिकेतील शब्द चाळणे आणि समोरच्या यंत्रणेने स्वतःची माहिती सांगणे. तिसरी क्रिया विशेष उपयुक्त आहे. तिच्या उत्तरावरून त्या ग्रंथालयात कोणत्या अंगांनी शोध घेता येतो व नोंदी कोणत्या आकृतिबंधांत मिळतात, हे पत्रव्यवहारावाचून समजते.

शोधप्रश्न लिहिण्यासाठी सीक्यूएल ही भाषा ठरविण्यात आली. झेड ३९.५० मधील अंकांच्या जागी तीत साधी नावे आली. शीर्षकात अमुक शब्द आणि कर्त्याच्या नावात तमुक शब्द, अशी अट बोलण्याच्या क्रमानेच लिहिता येते. ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’ या अर्थाच्या शब्दांनी अटी जोडता येतात. नोंदी मिळविण्याचे आकृतिबंधही निरनिराळे आहेत. मार्कचे एक्सएमएल रूप, त्याहून सुबोध असा मॉड्स आणि पंधरा घटकांचा डब्लिन कोअर हे त्यांपैकी मुख्य होत. डब्लिन कोअरचे नाव आयर्लंडच्या राजधानीवरून नव्हे, तर अमेरिकेतील ओहायओ राज्याच्या डब्लिन या गावावरून पडले. तेथे १९९५ मध्ये त्याची पहिली सभा भरली होती.

याच्याशी संबंधित परंतु भिन्न असा ओएआय-पीएमएच हा नोंदसंकलनाचा नियम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एसआरयूमध्ये वाचकाने प्रश्न विचारला, म्हणजे तो त्याच क्षणी दूरच्या ग्रंथालयाकडे जातो. नोंदसंकलनात मात्र एक यंत्रणा अनेक ग्रंथालयांच्या नोंदी वेळोवेळी आपल्याकडे आणून ठेवते व शोध त्या साठ्यात घेतला जातो. पहिल्या पद्धतीत उत्तर ताजे असते, पण दहा ग्रंथालयांना एकदम विचारल्यास सर्वांत मंद यंत्रणेची वाट पाहावी लागते. दुसरीत उत्तर झटपट मिळते, पण ते मागील संकलनाच्या दिवसापर्यंतचेच असते. मोठ्या शोधसेवांचा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. ग्रंथपालांच्या दैनंदिन कामात मात्र पहिली पद्धत टिकून आहे.

भारतातील प्रगती : भारतात ग्रंथालयांच्या संगणकीकरणास १९८० नंतर गती मिळाली. युनेस्कोने १९८५ मध्ये सूक्ष्मसंगणकासाठी काढलेली सीडीएस-आयसिस ही प्रणाली विनामूल्य असल्याने तिचा येथे मोठा प्रसार झाला. दिल्लीतील ग्रंथालयांचे डेलनेट हे जाळे १९८८ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम हाती घेतला; १९९६ मध्ये त्याचे स्वतंत्र केंद्र झाले. या केंद्राने विद्यापीठ ग्रंथालयांची सामाईक तालिका उभारली आणि २००० मध्ये सोल ही ग्रंथालय प्रणाली प्रसिद्ध केली; २००९ मधील तिच्या दुसऱ्या आवृत्तीत मार्क २१ व युनिकोड यांचा अवलंब झाला. न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आलेली कोहा ही मुक्त प्रणाली भारतातही रुजली असून ती झेड ३९.५० व एसआरयू या दोन्ही नियमांनी नोंदी आणू शकते. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली शासकीय व सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) आणि वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय (१९९७) या उच्च शिक्षणाच्या संस्था असून जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. याशिवाय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली वाचनालये तालुक्यांच्या गावी व खेड्यांत आहेत. आयुर्विज्ञानाच्या अभ्यासकाला लागणारे साहित्य बहुतांशी इंग्रजीत व अलीकडचे असते, आणि त्याला ग्रंथक्रमांकही असतो. त्याच्या बाबतीत दूरशोध सहसा अडत नाही. ज्या साहित्यामुळे या जिल्ह्याचे नाव सर्वत्र गेले, ते मात्र देशी भाषांतील, जुने व ग्रंथक्रमांक नसलेले आहे. मानक ग्रंथक्रमांकाची आंतरराष्ट्रीय पद्धत १९७० मध्ये आली. त्यापूर्वीचे पुस्तक शोधावयाचे, तर नाव व शीर्षक यांवरच विसंबावे लागते.

नावांचा प्रश्न : नावांच्या संदिग्धतेने काय घडते, याचे प्रत्यक्ष उदाहरण याच जिल्ह्यात सापडते. गांधीजी ज्या शेगावात राहावयास गेले, त्याच नावाचे दुसरे गाव बुलढाणा जिल्ह्यात नागपूर–भुसावळ लोहमार्गावर आहे. टपाल एकाचे दुसरीकडे जाऊ लागले. म्हणून १९४० मध्ये वर्ध्याजवळील शेगावचे नाव सेवाग्राम करण्यात आले. टपालाचा घोटाळा त्याने मिटला, पण तालिकाकारासमोर नवा प्रश्न उभा राहिला. १९४० पूर्वीच्या पत्रांवर व प्रकाशनांवर शेगाव हे नाव आहे, नंतरच्यांवर सेवाग्राम. सेवाग्राम या शब्दाने शोध घेणाऱ्यास पहिल्या चार वर्षांचे साहित्य मिळणार नाही. शेगाव या शब्दाने घेतल्यास संत गजानन महाराजांच्या शेगावविषयीचे साहित्य त्यात मिसळेल. संदेशनियम प्रश्न अचूक पोहोचवितो. दोन नावे एकाच गावाची आहेत, हे त्याला माहीत नसते.

व्यक्तिनामांतही असेच घडते. एखाद्या नोंदीत कर्त्याचे नाव ‘विनोबा’, दुसरीत ‘भावे, विनोबा’ आणि तिसरीत ‘भावे, विनायक नरहर’ असे असू शकते. यावर उपाय म्हणून ग्रंथालये प्रमाणनामांची स्वतंत्र नोंद ठेवतात. तीत एक नाव प्रमाण मानून त्याच व्यक्तीची, संस्थेची वा स्थळाची अन्य नावे त्याच्याशी जोडलेली असतात. निरनिराळ्या देशांच्या अशा नोंदी एकत्र जोडणारी व्हायाफ ही आंतरराष्ट्रीय सूची अमेरिका व जर्मनी येथील ग्रंथालयांच्या सहकार्याने २००३ मध्ये सुरू झाली. प्रमाणनामांची नोंद जेथे काळजीपूर्वक केलेली असते, तेथे कोणत्याही नावाने विचारले, तरी सर्व नोंदी मिळतात. जेथे ती नसते, तेथे वाचकाला अपुरे उत्तर मिळते आणि ते अपुरे आहे, हे त्याला कळतही नाही.

लिपीचा प्रश्न : मार्कच्या मूळ अक्षरसंचात रोमन लिपीखेरीज ग्रीक, सिरिलिक, अरबी, हिब्रू, चिनी इ. लिपींची सोय कालांतराने झाली. देवनागरीची झाली नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली येथील कार्यालय १९६२ पासून भारतीय ग्रंथ मिळवीत आले असून त्यामुळे असंख्य मराठी पुस्तके अमेरिकेतील ग्रंथालयांत पोहोचली. परंतु त्यांच्या नोंदी दीर्घकाळ रोमन लिप्यंतरातच झाल्या. या लिप्यंतरात ‘च’ साठी ‘सी’ हे एकच अक्षर व ‘छ’ साठी ‘सी’ आणि ‘एच’ अशी जोडी योजलेली आहे. मराठी वाचक सवयीने ‘च’ साठीच ही जोडी लिहितो. परिणामी गीताप्रवचने हे शीर्षक त्याने आपल्या पद्धतीने रोमन अक्षरांत लिहून पाठविले, तर पुस्तक असूनही ‘नोंदी शून्य’ असे उत्तर येऊ शकते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली व साने गुरुजींनी टिपून घेतलेली ही प्रवचने पुढे अनेक भाषांत गेली. तेव्हा मूळ शीर्षक व भाषांतरांची शीर्षके परस्परांशी जोडण्याचे कामही तालिकाकारावर येते.

देवनागरीसाठी भारतात प्रथम इस्की हा अक्षरसंकेत १९८८ मध्ये तयार झाला व १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून संमत झाला. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली; तीत देवनागरीची योजना इस्कीच्या धर्तीवर होती. मार्क २१ मध्ये युनिकोडचा स्वीकार झाल्यावर मूळ लिपीतील शीर्षक नोंदीत ठेवणे शक्य झाले. रोमन रूपाच्या जोडीला मूळ लिपीतील रूप देण्यासाठी ८८० हा खूणक्रमांक आहे. एसआरयूच्या पत्त्यातही देवनागरी शब्द पाठविता येतो. मात्र पत्त्यात फक्त रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे चालत असल्याने देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाचे नऊ चिन्हांत रूपांतर होते. ग, दीर्घ ईकार, त व आकार मिळून झालेला ‘गीता’ हा शब्द छत्तीस चिन्हांचा होतो. हे काम यंत्र करते, वाचकाला ते दिसत नाही.

वाचकाला न दिसणाऱ्या अडचणी याहून बिकट आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे संकेतबद्ध करता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘ॲ’ या स्वरासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी तो ‘अ’ व चंद्र यांच्या जोडणीने लिहीत. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, यंत्राला मात्र ती भिन्न वाटतात. याखेरीज मराठी लेखननियमांतील बदलांचाही परिणाम होतो. १९६२ च्या नियमांपूर्वी ‘प्रवचनें’, ‘कोठें’ अशा शब्दांवर अनुस्वार दिला जाई, पुढे तो गेला. तालिकालेखनाच्या नियमानुसार शीर्षक मुखपृष्ठामागील शीर्षकपृष्ठावर असेल तसेच उतरवावयाचे असते. वाचक मात्र आजच्या पद्धतीने लिहितो. हिंदीतही ‘नई तालीम’ व ‘नयी तालीम’ अशी दोन रूपे प्रचारात आहेत. ‘गीताप्रवचने’ एका शब्दात की दोन शब्दांत, एवढ्या फरकानेही उत्तर बदलू शकते. ज्या प्रणाली अनुक्रमणिका करतेवेळी ही भिन्न रूपे एका ठरीव रूपात आणतात, त्यांत हे दोष बरेच कमी होतात.

मूल्यमापन : झेड ३९.५० च्या संमतीनंतरच्या काळात प्रश्न विचारण्याची पद्धत उत्तरोत्तर सोपी होत गेली. विशेष यंत्रणा व प्रशिक्षण यांची जरूर असलेला व्यवहार एका पत्त्याच्या ओळीवर आला, आणि ही साधने लहान ग्रंथालयालाही विनामूल्य मिळू लागली. तथापि उत्तराची प्रत नियमावर नव्हे, तर नोंदीवर अवलंबून राहिली. जे पुस्तक केवळ दाखल नोंदवहीत हाताने लिहिलेले आहे, ते कोणत्याही संदेशनियमाला सापडत नाही. खेड्यातील वाचनालयात एखाद्या जुन्या पत्रिकेचा एकमेव संच असला, तरी त्याची यंत्रवाच्य नोंद होईपर्यंत अभ्यासकाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच असतो. जीर्ण कागदाचा संच तोवर टिकेलच, याची शाश्वती नसते.

बड्या ग्रंथालयाची नोंद उतरवून घेण्याची सोय येथे थोडीच उपयोगी पडते. कारण स्थानिक मुद्रणालयात छापलेली पुस्तिका, संस्थेचा वार्षिक अहवाल किंवा बंद पडलेले पाक्षिक यांची नोंद बहुधा अन्यत्र कोणी केलेली नसते. ती प्रथम त्याच गावी, त्याच लिपीत व तेथील नावांची माहिती असलेल्या माणसाकडून व्हावी लागते. शेगाव कोणते व सेवाग्राम कोणते, हे वर्ध्याच्या ग्रंथपालाला सांगावे लागत नाही. दूरच्या तालिकाकाराला ते संदर्भ पाहून ठरवावे लागते. छापील पत्रांच्या काळी नोंदींचा ओघ मोठ्या ग्रंथालयाकडून लहानांकडे होता. नव्या संदेशनियमांत प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा यांच्या भूमिका परस्परांना घेता येतात. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणच्या तालिकेलाही अन्य देशांतील ग्रंथालयांना उत्तर देता येते. मात्र त्यासाठी तेथील नोंद आधी तयार असावी लागते.